घरगुती सौंदर्यप्रसाधनांची घडण आणि परिरक्षण : एक विवेचन

सारांश

घरी तयार केलेली सौंदर्यप्रसाधने नैसर्गिक आणि म्हणून निर्धोक असतात, असा समज समाजात दृढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची शास्त्रीय तपासणी करण्यात आली आहे. प्रसाधन टिकते की बिघडते हे त्यातील घटक निसर्गातून आले की प्रयोगशाळेतून, यावर ठरत नसून त्यात पाणी किती आहे आणि ते किती काळ साठवले जाते, यावर ठरते. उटणे, लेप, तेल आणि शतधौत घृत या पारंपरिक प्रकारांच्या आधारे हे तत्त्व स्पष्ट करून क्रीमची घडण, परिरक्षकांची निवड, चाचणी व कायदेशीर बाजू यांचा परामर्श घेतला आहे. महाविद्यालयांतील कौशल्य अभ्यासक्रमांच्या संदर्भात अध्यापकांची जबाबदारी कोणती, याचाही विचार अखेरीस केला आहे.

बीजशब्द : सौंदर्यप्रसाधने, उटणे, पायस, परिरक्षक, सूक्ष्मजीव, सामू, कौशल्य शिक्षण.

प्रस्तावना

दिवाळीच्या तोंडावर महाविद्यालयांतून आणि महिला बचत गटांतून भरणाऱ्या विक्री-प्रदर्शनांत उटण्याच्या पुड्यांशेजारी आता कोरफडीचे जेल, हळद-चंदनाचे क्रीम, गुलाबपाणी आणि काकडीचे टोनर हेही मांडलेले दिसतात. गृहविज्ञान, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व वाणिज्य अशा विविध विभागांमार्फत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांतही प्रसाधननिर्मितीचा समावेश होऊ लागला आहे. अल्प भांडवलात सुरू करता येणारा आणि स्त्रियांच्या घरगुती ज्ञानाला अर्थार्जनाची जोड देणारा हा उद्योग स्वागतार्हच आहे.

तथापि या मांडणीत एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. उटण्याची पुडी आणि कोरफडीच्या जेलची बाटली या वरवर एकाच परंपरेतील वस्तू वाटल्या, तरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने त्या परस्परांपासून फार दूर आहेत. पहिली कोरडी आहे. दुसरी जवळजवळ पाणीच आहे. पहिली काही महिने डब्यात राहिली तरी बहुधा काही बिघडत नाही. दुसरी परिरक्षकाविना चार दिवस राहिली तर तिच्यात काय वाढले असेल, हे डोळ्यांना दिसत नाही. शिकविणाऱ्याने हा भेद स्पष्ट केला नाही, तर विद्यार्थिनी सद्भावनेने तयार केलेली सदोष वस्तू दुसऱ्याच्या त्वचेपर्यंत, प्रसंगी डोळ्यांपर्यंत पोहोचवते.

उद्दिष्टे

१. घरगुती प्रसाधने का बिघडतात याची कारणमीमांसा करणे.
२. पारंपरिक प्रकारांत अंतर्भूत असलेले परिरक्षणाचे तत्त्व उलगडून दाखविणे.
३. क्रीमची घडण व परिरक्षकांची निवड यांची सूत्रे सांगणे.
४. चाचणी, परवाना आणि अध्यापन यांविषयी काही सूचना मांडणे.

पाणी : बिघाडाचे मूळ

लोणच्याच्या बरणीत ओला हात किंवा ओला चमचा घालू नये, हा मराठी स्वयंपाकघरातील दंडक सर्वपरिचित आहे. प्रसाधनांच्या परिरक्षणाचे पहिले सूत्र नेमके हेच आहे. जीवाणू, यीस्ट आणि बुरशी यांना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. पदार्थातील पाणी साखर, मीठ किंवा ग्लिसरीन यांनी बांधून ठेवले असेल, तर ते सूक्ष्मजीवांना वापरता येत नाही. हे मोकळेपण ० ते १ या श्रेणीत मोजतात व त्याला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ असते. बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जीवाणू सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरशी त्याहूनही खाली वाढू शकते, आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मुरांबा टिकतो आणि चिरलेले फळ टिकत नाही, याचे कारण यात आहे.

तेल, तूप, मेण यांत मोकळे पाणी जवळजवळ नसते; म्हणून त्यांत जीवाणू वाढत नाहीत. त्यांचा बिघाड वेगळ्या प्रकारचा असतो. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ती खवट होतात. करडई, सूर्यफूल, जवस यांसारखी असंतृप्त मेदाम्लांनी समृद्ध तेले लवकर खवटतात. खोबरेल तुलनेने अधिक टिकते. ई जीवनसत्त्व हा खवटपणा लांबविते, परंतु जीवाणूंना ते रोखत नाही. घरगुती कृतींत ‘टिकण्यासाठी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घालावी’ असे सर्रास सांगितले जाते. या सूचनेत ऑक्सिडीकरण आणि सूक्ष्मजीवांची वाढ या दोन भिन्न प्रक्रियांची गल्लत झालेली असते.

वाढीचा वेग लक्षात घेतला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. एखाद्या जेलमध्ये बोटाने १०० जीवाणू गेले आणि ते दर तासाला दुप्पट झाले, तर २० तासांनंतर त्यांची संख्या १० कोटींच्या वर जाते. इतकी वाढ होऊनही रंग किंवा वास बदलेलच, असे नाही. बुरशीची पांढरी साय दिसते तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो. शीतपेटीत ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही. स्यूडोमोनास कुळातील काही जीवाणू ४ अंश सेल्सिअसलाही वाढतात.

या बिघाडाचे परिणाम केवळ पुटकुळ्यांपुरते मर्यादित नाहीत. १९६७ साली अमेरिकेतील एका रुग्णालयात रुग्णांना झालेल्या क्लेब्सिएला जीवाणूच्या रक्तसंसर्गाचा उगम हात मऊ ठेवण्याच्या क्रीमच्या पात्रात सापडल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९७७ साली दूषित मस्काऱ्यामुळे डोळ्याच्या पारपटलावर स्यूडोमोनासचे व्रण झाल्याचे नोंदविले गेले. मस्कारा लावताना काडीने पडलेला सूक्ष्म ओरखडा जीवाणूला आत शिरण्यास पुरेसा ठरतो. ही उदाहरणे व्यापारी उत्पादनांची आहेत. निरोगी, अखंड त्वचा पुष्कळ काही सहन करते. परंतु इसब, भाजल्याची जखम, मधुमेह असलेल्यांची त्वचा, तान्ही बाळे आणि डोळ्यांभोवतीचा भाग यांना ही सवलत नाही. विकणाऱ्याला मात्र आपली बाटली कोणाच्या घरी जाईल, हे माहीत नसते.

परंपरेतील शहाणपण

पारंपरिक प्रसाधने टिकत किंवा अपाय करीत नसत, यामागे त्यांची विशिष्ट रचना होती. ती तीन प्रकारांत विभागता येते.

पहिला प्रकार कोरड्या चूर्णांचा. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी लागणाऱ्या उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल इत्यादी घटक उन्हात वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केले जातात. पाणी, दूध किंवा तेल त्यात वापराच्या क्षणी मिसळले जाते. साठवणीत पाणी नाही आणि पाणी मिसळल्यानंतर साठवण नाही, अशी ही व्यवस्था आहे. तरीही चूर्णांना मुदत होतीच. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे. तो विचार गुणवत्तेच्या ऱ्हासाचा आहे. परंतु प्रत्येक कल्पाला स्वतंत्र कालमर्यादा असते, हे सूत्र त्यातून स्पष्ट होते. येथे एक सावधगिरीही नोंदवावयास हवी. मुलतानी माती आणि मुळ्यांची चूर्णे यांत धनुर्वातासह अन्य जीवाणूंचे बीजाणू असू शकतात. कोरडेपणात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून अशी चूर्णे उघड्या जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर लावू नयेत.

दुसरा प्रकार ताज्या लेपांचा. सुश्रुत संहितेच्या सूत्रस्थानात लेपविधी सांगताना शिळा लेप कधीही वापरू नये आणि एकदा लावलेला लेप पुन्हा लावू नये, असा स्पष्ट निषेध आहे. ओला पदार्थ साठवावयाचा नाही, हा नियम सूक्ष्मजीवांचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके निरीक्षणातून सिद्ध झाला होता.

तिसरा प्रकार तेलातुपाचा. तेलपाकविधीत काढा किंवा कल्क तेलात घालून पाण्याचा अंश उडून जाईपर्यंत तेल आटविले जाते. पाक पूर्ण झाला की नाही हे ओळखण्यासाठी कल्काची वात करून ती विस्तवावर धरतात. ती तडतडली तर पाणी शिल्लक आहे असे समजतात. घरोघरी माक्याचे किंवा जास्वंदीचे तेल करताना ‘तडतड थांबेपर्यंत कढवावे’ असे सांगितले जाते, त्याचा अर्थ हाच. उलट हिरवी पाने तशीच तेलाच्या बाटलीत घालून उन्हात ठेवण्याच्या पद्धतीत पानांतील पाणी तेलाच्या तळाशी साचते आणि बिघाडाला वाट मिळते.

या तिन्ही प्रकारांहून शतधौत घृत वेगळे आहे. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन घोटले असता त्याचा वास जातो, रंग पांढरा होतो आणि पोत क्रीमसारखा मऊ होतो. या घोटण्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात अडकतात. म्हणजेच कोरडे तूप आता पाणी धारण करणारे मिश्रण बनते. तुपाइतके टिकेल या भरवशावर ते वर्षभर ठेवणे योग्य नव्हे; थोडे करावे व लवकर संपवावे, हेच श्रेयस्कर.

थोडक्यात, परंपरेने एकतर पाणी टाळले किंवा साठवणीचा काळ टाळला. आधुनिक कारखान्याने पाणीही स्वीकारले आणि काळही स्वीकारला, म्हणून त्याला परिरक्षक घालावे लागले. आजचे ‘घरगुती, रसायनविरहित’ क्रीम कारखान्याकडून पाणी आणि साठवण घेते, परिरक्षक मात्र परंपरेचे नाव सांगून वगळते. दोन्ही व्यवस्थांतील संरक्षण अशा रीतीने गमावले जाते. घरगुती प्रसाधनांची मूळ समस्या ही आहे.

क्रीमची घडण

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात स्थिर ठेवले की जे मिश्रण बनते त्याला पायस म्हणतात. दूध आणि लोणी ही त्याची घरातली उदाहरणे : दुधात मेदाचे थेंब पाण्यात असतात, लोण्यात पाण्याचे थेंब मेदात असतात. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून जो पदार्थ घालतात तो पायसीकारक होय. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोल्ड क्रीममध्ये मधमाशीचे मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी असे. ते मिश्रण फार काळ एकजीव राहत नसे. पुढे त्यात टाकणखार घालण्याची पद्धत आली. टाकणखार मेणातील मुक्त मेदाम्लांशी संयोग पावून साबण तयार करतो आणि हा साबण पायसीकारकाचे काम करतो. विसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या ‘स्नो’ प्रकारात स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात रूपांतरित केलेला असे. मुंबईच्या इ. एस. पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ मराठी घरांतील जुन्या पिढीच्या परिचयाचा आहे.

नुसते मेण आणि तेल पाण्यात घोटून क्रीम झाल्यासारखे वाटते. काही दिवसांत पाणी सुटते. म्हणून खरा पायसीकारक आवश्यक आहे. प्रात्यक्षिकासाठी १०० ग्रॅम क्रीमची एक साधी कृती पुढीलप्रमाणे देता येईल :

ऊर्ध्वपातित पाणी ६८ ग्रॅम
ग्लिसरीन ४ ग्रॅम
तिळाचे तेल १८.५ ग्रॅम
इमल्सिफाइंग वॅक्स ६ ग्रॅम
सिटाइल अल्कोहोल २ ग्रॅम
ई जीवनसत्त्व ०.५ ग्रॅम
फिनॉक्सिइथेनॉल व इथिलहेक्झिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण १ ग्रॅम

पाणी व ग्लिसरीन एका भांड्यात, तेल, वॅक्स व सिटाइल अल्कोहोल दुसऱ्या भांड्यात घेऊन दोन्ही ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावीत व त्या तापमानाला सुमारे २० मिनिटे ठेवावीत. उडालेल्या पाण्याची वजन करून भरपाई करावी. नंतर दोन्ही एकत्र करून सतत घोटावे. तापमान ४० अंशांच्या आसपास उतरल्यावर ई जीवनसत्त्व, परिरक्षक आणि हवा असल्यास सुगंध घालावा. ही उष्णता जिवंत जीवाणूंचा भार कमी करते. बीजाणू मात्र तिला दाद देत नाहीत आणि बाटली उघडल्यानंतर बोटांवाटे शिरणाऱ्या जीवाणूंपासून ती कोणतेही संरक्षण देत नाही.

कृतीत सर्व प्रमाणे वजनाने दिली आहेत, हे सहेतुक आहे. चमच्याच्या मापात परिरक्षक सहज दीडपट किंवा अर्धा पडू शकतो. अर्धा पडल्यास उपयोग नाही, अधिक पडल्यास त्वचेचा दाह संभवतो. ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक इलेक्ट्रॉनिक तराजू हे या उद्योगातील पहिले उपकरण मानले पाहिजे. भांडी धुऊन, वाळवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. रुंद तोंडाच्या बरणीपेक्षा पंपाची बाटली किंवा नळी बरी, कारण तीत बोट जात नाही.

परिरक्षकांची निवड आणि सामू

परिरक्षक निवडताना केवळ नाव पाहून चालत नाही. मिश्रणाचा सामूही पाहावा लागतो. खाद्यपदार्थांत वापरले जाणारे सोडियम बेंझोएट हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याची शक्ती अविघटित बेंझोइक आम्लात असते. सामू ४.२ असताना निम्मे आम्ल अविघटित असते; ५.२ ला ते सुमारे ९ टक्के उरते, ६.२ ला जेमतेम १ टक्का. म्हणजे सरबतात उत्तम काम करणारे हे परिरक्षक जवळपास उदासीन सामू असलेल्या क्रीममध्ये नावापुरतेच राहते. पोटॅशियम सॉर्बेटचीही स्थिती साधारण अशीच आहे. ही दोन्ही वापरावयाची असल्यास सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने सामू ५ च्या खाली आणावा. मानवी त्वचेचा पृष्ठभागही सौम्य आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ सामूचा असल्याने हे सुसंगतच ठरते. फिनॉक्सिइथेनॉल सामूच्या विस्तृत कक्षेत काम करते. त्याची कमाल मर्यादा युरोपीय नियमांनुसार १ टक्का आहे. वरील कृतीतील तयार मिश्रणाचे प्रमाण याच मर्यादेत बसते.

पॅराबेनविषयीची भीती येथे तपासून पाहणे आवश्यक आहे. २००४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत पॅराबेन आढळल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘पॅराबेनमुक्त’ हा विक्रीचा मंत्र बनला. त्या अभ्यासाने पॅराबेनची उपस्थिती दाखविली होती, कार्यकारणसंबंध नव्हे. २०१४ साली युरोपीय संघाने पुरेशी माहिती उपलब्ध नसलेल्या पाच पॅराबेनांवर बंदी घातली व प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा कमी केली. मिथिल आणि इथिल पॅराबेन मर्यादित प्रमाणात मान्यच राहिले. विरोधाभास असा की पॅराबेनला पर्याय म्हणून वापर वाढलेल्या मिथिलआयसोथायाझोलिनोनने त्वचेच्या ॲलर्जीचे प्रमाण इतके वाढविले की न धुता त्वचेवर राहू द्यावयाच्या प्रसाधनांतून ते युरोपात २०१७ पासून हद्दपार झाले. एका परिरक्षकाला निषिद्ध ठरविताना त्याच्या जागी काय येते, हेही पाहिले पाहिजे, असा याचा बोध आहे. परिरक्षकांचे धोके खरे आहेत. पण ते मोजलेले आणि मर्यादित केलेले आहेत. परिरक्षकाविना ठेवलेल्या ओल्या प्रसाधनाचा धोका कोणीही मोजलेला नसतो.

‘नैसर्गिक’ परिरक्षकांविषयीचे समज

हळद, कडुलिंब, तुळस, लवंग यांत सूक्ष्मजीवरोधक द्रव्ये आहेत, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. परंतु प्रयोगशाळेतील तबकडीत सांद्रित अर्काने जीवाणूची वाढ रोखणे वेगळे आणि चिमूटभर हळदीने महिनाभर क्रीम सुरक्षित राखणे वेगळे. वनस्पतीचा काढा किंवा चूर्ण पाण्यात मिसळल्यावर बहुधा उलटच घडते : त्यातील शर्करा व प्रथिने सूक्ष्मजीवांचे अन्न बनतात. सुगंधी तेले परिणामकारक ठरतील इतकी घातली, तर त्वचेला ती सोसत नाहीत. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड व काळे डाग पडू शकतात. द्राक्षफळाच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून विकला जातो. त्याच्या तपासण्यांत अनेक नमुन्यांची शक्ती बेंझेथोनियम क्लोराइडसारख्या कृत्रिम परिरक्षकामुळे असल्याचे आढळले. ग्लिसरीनने परिरक्षण साधावयाचे तर ते मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास घालावे लागते आणि मग चिकटपणामुळे ते वापरणे नकोसे होते.

कोरफडीचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. तिच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. पान कापल्यावर सालीलगत झिरपणारा पिवळा चीक दाहकारक असतो. तो निथळून जाऊ देऊन पान धुऊनच गर काढावा. हा गर ताजा लावण्यासाठी उत्तम आहे. बाटलीत भरून विकण्यासाठी मात्र सामूचे नियमन, परिरक्षक आणि चाचणी ही तीन अंगे सांभाळावी लागतात.

चाचणी

प्रसाधन सुरक्षित आहे, हे विधान चाचणीशिवाय करता येत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येण्यासारख्या चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत. सामूमापकाने तयार झाल्यावर व नंतर दर आठवड्याला सामू मोजावा; त्यातील घसरण ही अनेकदा जीवाणूंच्या वाढीची पहिली खूण असते. नमुना ४५ अंश सेल्सिअसला काही आठवडे ठेवून पाणी सुटते का, हे पाहावे. सूक्ष्मजीवगणनेसाठी पोषक आगर माध्यमावर जीवाणूंची आणि सॅबोरॉ माध्यमावर यीस्ट व बुरशीची वाढ मोजावी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सामान्य प्रसाधनांत दर ग्रॅमला १,००० पर्यंत आणि तीन वर्षांखालील बालकांसाठी व डोळ्यांभोवती वापरावयाच्या प्रसाधनांत १०० पर्यंत वसाहती चालतात, ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स मुळीच नसावेत.

या गणनेत एक फसगत संभवते. नमुन्यातील परिरक्षक माध्यमात गेल्यास तेथेही तो वाढ रोखतो आणि गणना खोटी शून्य येते. म्हणून विरलनद्रवात लेसिथिन व पॉलिसॉर्बेट ८० घालून त्याला निष्प्रभ करावे लागते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत ही पायरी नोंदविली आहे किंवा नाही, हे परीक्षकाने अवश्य पाहावे.

परिरक्षक पुरेसा आहे की नाही, हे आव्हान-चाचणीने ठरते. तीत ठराविक जीवाणू, यीस्ट व बुरशी मुद्दाम मिसळून ७, १४ व २८ दिवसांनी त्यांची संख्या मोजतात. कडक निकषानुसार सात दिवसांत दर हजार जीवाणूंपैकी ९९९ नष्ट झाले पाहिजेत. रोगकारक जीवाणू हाताळावे लागत असल्याने ही चाचणी सुसज्ज सूक्ष्मजीवशास्त्र विभागातच, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी. अन्यथा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, याचेही स्मरण ठेवावे.

कायदेशीर बाजू

स्वतःच्या घरी, स्वतःसाठी काही करून लावणे हा एक भाग झाला. विक्री सुरू होताच विषय कायद्याच्या कक्षेत येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी प्रसाधन तयार करण्यास राज्य परवाना प्राधिकाऱ्याचा परवाना आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. उत्पादनावर देखरेख करणारी व्यक्ती औषधनिर्माणशास्त्रातील किंवा रसायनशास्त्रासह विहित पात्रता धारण करणारी असावी लागते. लेबलवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत द्यावी लागते. अनवधानाने आलेल्या पाऱ्याची मर्यादा डोळ्यांच्या प्रसाधनांत दशलक्ष भागांत ७० आणि इतरांत केवळ १ आहे. म्हणून सुटा, अनामिक कच्चा माल घेऊ नये. आयुर्वेदिक म्हणून विकावयाच्या वस्तूंसाठी स्वतंत्र परवाना लागतो. ‘घरगुती’ किंवा ‘बचत गटाचे’ हे शब्द परवान्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्यांना स्वतःची जागा व यंत्रसामग्री उभारणे शक्य नाही, त्यांच्यासाठी परवानाधारक उत्पादकाच्या जागेत उत्पादन करवून घेण्याची कर्ज-परवान्याची तरतूद आहे. तिची माहिती बचत गटांपर्यंत पोहोचविणे हे उपयुक्त विस्तारकार्य ठरेल.

अध्यापकांसाठी काही सूचना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे कौशल्याधारित अभ्यासक्रमांना चालना मिळाली आहे. प्रसाधननिर्मितीचा अभ्यासक्रम आखताना पुढील क्रम योग्य वाटतो. आरंभ निर्जल प्रसाधनांपासून व्हावा : उटणे, शिकेकाईचे चूर्ण, सिद्ध तेल, मेण व तेलाचा ओठांसाठीचा लेप. यांत परिरक्षकाची गरज सहसा नसते आणि कोरडेपणा, स्वच्छता, वजन, लेबल या सवयी रुजतात. दुसऱ्या टप्प्यात ताजे करून लगेच वापरावयाचे लेप यावेत. पाणी असलेली क्रीम व जेल तिसऱ्या टप्प्यात, सूक्ष्मजीवगणनेच्या प्रात्यक्षिकासहच शिकवावीत. एकच क्रीम परिरक्षकासह व परिरक्षकाविना करून दर आठवड्याला दोन्हींची गणना फळ्यावर मांडल्यास कोणत्याही व्याख्यानाहून अधिक बोध होतो. परिरक्षकाविना केलेले नमुने अर्थातच त्वचेवर वापरू नयेत व निर्जंतुक करूनच नष्ट करावेत. सूर्यकिरणरोधक प्रसाधने मात्र घरगुती पातळीवर करूच नयेत, कारण त्यांचे संरक्षणमान तेथे मोजता येत नाही.

हा विषय एका विभागाच्या आवाक्यातला नाही. वनस्पतिशास्त्राने कच्च्या मालाची ओळख पटवावी, रसायनशास्त्राने घडण व सामू सांभाळावा, सूक्ष्मजीवशास्त्राने चाचणी करावी, वाणिज्य विभागाने किंमत व परवाना शिकवावा आणि मराठी विभागाने ग्राहकाला समजेल अशा भाषेत लेबल लिहिण्यास साहाय्य करावे. आंतरविद्याशाखीयता या शब्दाला असा प्रत्यक्ष आशय क्वचितच लाभतो.

निष्कर्ष

१. घरगुती प्रसाधनांच्या सुरक्षिततेचा निकष नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम हा नसून कोरडे विरुद्ध ओले आणि ताजे विरुद्ध साठविलेले हा आहे.
२. उटणे, ताजे लेप आणि सिद्ध तेले यांत परिरक्षणाचे तत्त्व रचनेतच अंतर्भूत आहे. ते तत्त्व सोडून केवळ घटकांची नावे घेतल्याने परंपरेचे अनुसरण होत नाही.
३. पाणी असलेल्या व साठवावयाच्या प्रत्येक प्रसाधनास योग्य सामूला, योग्य प्रमाणात परिरक्षक आवश्यक आहे. ई जीवनसत्त्व, हळद किंवा शीतपेटी हे त्याचे पर्याय नव्हेत.
४. चाचणी आणि परवाना यांविना केलेली विक्री ग्राहकाला व निर्मातीलाही धोक्यात घालणारी आहे.
५. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत परिरक्षण व चाचणी यांशिवाय ओल्या प्रसाधनांचे प्रशिक्षण दिले जाऊ नये.

ज्या घरात लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू दिला जात नाही, त्या घराला हे शास्त्र परके नाही. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ती दक्षता प्रसाधनांच्या बाटलीपर्यंत नेणे, एवढेच अध्यापकांचे काम आहे.